बरी आहे

तर मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय. माझ्या दुसऱ्या ऑपरेशनच्या काळात तुमच्यापैकी अनेकांचे फोन आले, मेसेज आले. प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं, "बरी आहे." त्यातल्या बऱ्याच "बरी आहे" खऱ्या होत्या. पाच दिवसांच्या मात्र चक्क खोट्या होत्या. त्या पाच दिवसांबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, पण धीर होत नव्हता. घरातले, नात्यातले सगळेच इथे वाचतात ना! आज लिहूनच टाकते.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी सिकलसेलवाली. आमच्या नागपुरात "एसएस पॅटर्न" म्हटलं की लोकांना लगेच कळतं, इतका हा आजार विदर्भात घरोघरी माहीत आहे. आई आणि बाबा दोघंही "एएस", म्हणजे वाहक. त्यांना स्वतःला काही त्रास नाही. पण दोघंही वाहक असले की प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. दादाच्या वाट्याला वाहकपण आलं, माझ्या वाट्याला आजार. (गणिताची शिक्षिका आहे, तरी हे गणित मला कधी आवडलं नाही.)

या आजारात रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकून बसतात. मांडीच्या हाडाचं वरचं टोक, जे खुब्याच्या वाटीत गोल फिरतं, त्याला रक्त मुळातच बेताचं मिळतं. तेही अडलं की हाड मरतं, खचतं. माझा डावा खुबा असाच गेला. २००८ साली, एकतिसाव्या वर्षी, तो बदलून घेतला. धातूचा दांडा, धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की वय कमी आहे, हा सांधा जन्मभर पुरेलच असं नाही.

चौदा वर्षं पुरला. मग २०२२ च्या उन्हाळ्यात एक विचित्र दुखणं सुरू झालं. खुर्चीतून उठलं की पहिली चार पावलं मांडीत कळ यायची, आणि मग चालायला लागलं की कमी व्हायची. शाळेत मुलांना वाटायचं, बाई उठल्यावर फळ्याकडे जायच्या आधी काहीतरी आठवत उभ्या राहतात. एक्सरेत दांड्याभोवती काळी रेघ दिसली. म्हणजे दांडा हाडात सैल झाला होता. वाटीचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं घासतं, त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात, ते कण साफ करायला शरीराच्या पेशी धावतात आणि त्या झटापटीत आपलंच हाड खाल्लं जातं. आत जंतू नाहीत ना, हे बघायला रक्ताच्या तपासण्या झाल्या, सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासलं. जंतू नव्हते. मग रिव्हिजन ठरली.

रिव्हिजन म्हणजे "पुन्हा तेच ऑपरेशन" असं मला वाटत होतं. तसं नसतं. आधी जुनं काढायचं असतं आणि जुनं सहजासहजी निघत नाही. माझ्या मांडीचं हाड उभं कापून खिडकीच्या झडपेसारखं उघडलं, आतलं सिमेंट खरवडून काढलं, आधीपेक्षा लांब दांडा बसवला आणि ती झडप तारांनी बांधून टाकली. साडेचार तास. त्याआधी रक्त चढवून हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणलं होतं. थंडीने आमच्या पेशी आणखी वाकड्या होतात, म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये मला उबदार ठेवायची वेगळी व्यवस्था होती. तारीख ५ डिसेंबर २०२२. नागपूरची थंडी नुकती सुरू झाली होती.

पहिले दोन आठवडे छान गेले. ११ तारखेला समृद्धी महामार्गाचं उद्घाटन झालं, तेव्हा सगळं शहर त्या गडबडीत होतं आणि मी वॉकर घेऊन पलंगापासून दारापर्यंतचा महामार्ग पार करत होते :) डावा पाय जमिनीला नुसता टेकवायचा, भार द्यायचा नाही. खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी. १९ तारखेला टाके निघाले. जखम कोरडी. दादाने पंधरा दिवसांची रजा संपवली आणि तो चंद्रपूरला परत गेला. त्याने पीएफमधून पैसे काढले होते, ते मला वहिनीकडून कळलं. त्या रात्री आई कितीतरी दिवसांनी एकदाही न उठता झोपली. पलीकडच्या खाटेवरून तिचं घोरणं ऐकत मी जागी होते आणि मला फार बरं वाटत होतं.

२१ तारखेच्या रात्री पट्टी ओली लागली.

रुपयाएवढा डाग. पिवळसर, पाण्यासारखा. मी मनात म्हटलं, टाके काढलेत, थोडं पाणी येत असेल. दुसऱ्या दिवशी तो डाग पुरीएवढा झाला. कपाटात जास्तीचे गॉज ठेवले होते, ते मीच बदलले. आई स्वयंपाकघरात असताना, दार लोटून. संध्याकाळी अंग कोमट वाटलं. थर्मामीटर लावला, १००.२. मी तो बंद करून डबीत ठेवला आणि आईला विचारलं, "आज भाजी काय गं?"

दादाचा फोन, "कशी आहेस?"

"बरी आहे."

मावशीचा फोन. शाळेतल्या मैत्रिणींचा फोन. पुण्याच्या आत्याचा व्हिडिओ कॉल. बरी आहे, बरी आहे, मस्त आहे. फिजिओथेरपिस्टला सांगितलं की आज थोडा थकवा आहे, बाजूवर वळायला नको.

मी अडाणी नाही. ऑपरेशननंतर घरी सोडताना जो कागद दिला होता, त्यावर तीन ओळींखाली लाल रेघ होती. जखमेतून पाणी आलं, ताप आला, दुखणं अचानक वाढलं तर लगेच फोन करा. तो कागद माझ्या उशीखालीच होता. शिवाय सिकलसेलमध्ये अनेकांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे साधा जंतुसंसर्गही आम्हाला भारी पडू शकतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. सगळं माहीत होतं. तरी पाच दिवस गप्प बसले.

का? याचं उत्तर शोधायला मला बरेच महिने लागले. लहानपणी मला क्रायसिस यायचा, म्हणजे हाडांमध्ये असह्य कळा यायच्या, तो बहुतेक रात्रीच. मी रडले की घर उठायचं. बाबा सायकल काढायचे, आई मला शालीत गुंडाळून मागे बसायची आणि आम्ही "मेडिकल"ला जायचो. सकाळी बाबा तसेच ड्युटीवर. दादा डबा न घेता शाळेत. आठ-नऊ वर्षांची असताना मी एक शोध लावला. उशीत तोंड खुपसून पडून राहिलं तर कधीकधी सकाळपर्यंत कळ आपोआप कमी होते आणि कोणालाच उठावं लागत नाही. सकाळी आई विचारायची, "बरी हायेस ना वो?" मी म्हणायची, बरी आहे. आणि आईच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला हवं असायचं. सगळे म्हणायचे, पोर किती समजूतदार आहे! चाळीस वर्षं मी त्या समजूतदारपणावर जगले. कळा बऱ्याचदा आपोआप थांबतात, त्यामुळे तो खपूनही गेला. पण धातूवर बसलेले जंतू आपोआप जात नाहीत.

२६ तारखेला सकाळी आमच्या धुणंभांडीवाल्या ताई न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि आईला म्हणाल्या, "माय, बाईच्या गाऊनले वास येऊन रायला."

आई आत आली. काही न बोलता तिने पांघरूण बाजूला केलं, गाऊन वर केला, पट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रागावेल. ती एवढंच म्हणाली, "तू सांगशीन नाई तं मले कसं समजन वो?"

हिवाळी अधिवेशन सुरू होतं. मोर्चांमुळे रस्ते वळवलेले, सगळीकडे बॅरिकेड्स. मानेवाड्याहून धंतोलीत पोचायला एरवी फार वेळ लागत नाही. त्या दिवशी अँब्युलन्समध्ये आई माझा हात धरून बसली होती आणि दर सिग्नलला खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिच्या हाताकडे बघत होते.

डॉक्टरांनी पट्टी उघडली आणि विचारलं, "पाणी कधीपासून येतंय?"

आणि मंडळी, मी म्हणाले, "कालपासून."

आई बाजूला उभी होती. तिला खरं माहीत नव्हतं. डॉक्टर लिहायला लागले. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं पाहिलं आणि माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. चुकीची संख्या लिहिली की पुढचं सगळं उत्तर चुकतं. मी म्हणाले, "नाही, बुधवारपासून. ताप गुरुवारपासून आहे." डॉक्टरांनी मान वर केली, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. रागावले नाहीत. मग त्यांनी समजावलं ते असं. नवीन सांध्यावर जंतू बसले की हळूहळू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. थर पक्का झाला की औषध आत पोचत नाही. मग सगळा सांधा काढावा लागतो, काही आठवडे किंवा महिने अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात आणि जंतू गेले की पुन्हा तिसरं मोठं ऑपरेशन. पण पहिल्या काही आठवड्यांत, दुखणं सुरू झाल्यावर लवकर, जखम उघडून धुतली तर सांधा वाचायची चांगली संधी असते. तुमचे तीन आठवडे झालेत, म्हणाले. प्रयत्न करू.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा थिएटर. नऊ लिटर सलाइनने आतून धुतलं, खराब झालेला भाग काढला, गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी नवीन घातली, दांडा तोच ठेवला. मग सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, दंडातून घातलेल्या लांब नळीवाटे. पुढे तीन महिने गोळ्या. त्यात रिफाम्पिसिन नावाची एक गोळी होती. तिने लघवी नारिंगी होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. एकदा रडले तर ओढणीवर नारिंगी डाग! नागपूरची संत्री म्हणतात ती हीच, असं दादा म्हणाला आणि मग तो स्वतःच रडायला लागला.

त्या सहा आठवड्यांत पडल्या पडल्या जॉन चार्नली या इंग्रज डॉक्टरबद्दल वाचलं. आजचा कृत्रिम खुबा त्याच्यामुळे आहे. १९६२ साली त्याने जी प्लॅस्टिकची वाटी वापरायला सुरुवात केली, तीच पद्धत सुधारत सुधारत माझ्यापर्यंत आली. पण त्याआधी तो टेफ्लॉनची वाटी वापरायचा. सुरुवातीला रोगी खूश, डॉक्टर खूश. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या कणांनी आत गाठी झाल्या आणि शेकडो लोकांची ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. म्हणजे रिव्हिजनची गोष्ट या शोधाच्या पहिल्या पानापासूनच आहे. नंतर त्याने टेफ्लॉनचे आणि नव्या प्लॅस्टिकचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या. हे त्याने १९६३ मध्ये "लॅन्सेट"मध्ये छापून सगळ्यांना सांगितलं. एवढा मोठा माणूस आपलं फसलेलं काम जगाला दाखवतो आणि मी एक ओली पट्टी आईला दाखवू शकत नव्हते.

सांधा वाचला. तपासण्या आतापर्यंत स्वच्छ आहेत, पण "पूर्ण गेलं" असं कोणी लिहून देत नाही, आणि मीही मागत नाही. डावा पाय दीड सेंटीमीटर आखूड झालाय. कोपऱ्यावरच्या चांभारकाकांनी डाव्या चपलेला जास्तीचा तळ लावून दिलाय. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर झाल्यामुळे थकले की डुलत चालते. जमिनीवर बसत नाही, वाकून नमस्कार करत नाही. मोठ्या माणसांनी उभ्या नमस्कारावर आशीर्वाद द्यावा, ही नम्र विनंती.

घरच्यांनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. कोणी विषय काढत नाही. दादाने मात्र एक केलं. आता तो "कशी आहेस" विचारतच नाही. विचारतो, "ताप किती? पट्टी कोरडी आहे का? दहापैकी किती दुखतंय?" या प्रश्नांना "बरी आहे" हे उत्तर बसतच नाही. तुमच्या घरी कोणी ऑपरेशन होऊन आलं असेल, विशेषतः कोणी समजूतदार माणूस असेल, तर त्याला असंच विचारा. आणि पट्टी स्वतः बघा.

इतक्या दिवसांनी अजूनही मी रोज रात्री घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकते. आज ती इथेही टाकते.

ताप नाही. जखमेच्या जागी नुसती वीतभर रेघ. दुखणं दहापैकी दोन, जिना चढल्यावर चार. बरी आहे.