पाणउतारा

ऐरोलीच्या खाडीला दिवसातून दोनदा ओहोटी लागते. पाणी मागे सरतं, काळाभोर गाळ उघडा पडतो आणि तिवरांच्या बुंध्याभोवती बोटाएवढी मुळं आकाशाकडे तोंड करून उभी दिसतात. गाळात हवा नसते, म्हणून झाड असं वर येऊन श्वास घेतं.

ऑफिसच्या खिडकीतून ही खाडी एका पट्टीएवढी दिसायची. तिच्याकडे बघतच मी त्या मीटिंगा काढल्या. साहेब कधी ओरडले नाहीत. माझा कागद दोन बोटांनी टेबलाच्या कडेपर्यंत सरकवायचे आणि सगळ्यांकडे बघत हळूच विचारायचे, “हे कोणी केलंय?” उत्तर त्यांना ठाऊक असायचं. आठ माणसं मोबाइलमध्ये बघायची, एसी घुमत राहायचा आणि मी टेबलावरचा चहाच्या कपाचा वाळलेला गोल डाग निरखत बसायची. कानउघाडणी मला ओळखता येते. ती चुकीबद्दल असते, चूक सुधारली की संपते. हे संपत नव्हतं. हे माझ्या असण्याबद्दलच होतं. “मनावर घेऊ नकोस, स्वभावच आहे त्यांचा,” असं सगळे म्हणायचे, मीही स्वतःला तेच सांगायची; पण सकाळी ठाण्याहून आलेली लोकल ऐरोलीत थांबली की पाय फलाटावर उतरायला तयार नसायचे.

मनाआधी अंगाला कळलं होतं.

पॅन्ट्रीतल्या मावशी एके दिवशी म्हणाल्या, “मॅडम, तीन दिवस झाले. डबा तसाच परत नेताय.” तेव्हा तो जुना शब्द अर्थासकट समोर उभा राहिला. पाणउतारा. माणसाचं पाणी उतरवणं. खाडीचं पाणी आपसूक परत येतं. माणसाचं येत नाही.

खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 सालचं, वनखात्याचं. तिकडच्या फलकावर खात्याचं नाव वाचलं की मला हरिसाल आठवतं. मेळघाटातल्या त्या गावी दीपाली चव्हाण वनपरिक्षेत्र अधिकारी होत्या, धडाडीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. मार्च 2021 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठांकडून झालेल्या छळाची कैफियत होती. रानाला न भ्यालेली बाई. मग प्रश्न धीटपणाचा नसतोच. शेजारी कोण उभं राहिलं, याचा असतो.

मी वही केली. तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द, खोलीत हजर कोण. लैंगिक छळासाठी 2013 चा कायदा आहे, ऑफिसात समिती आहे. नुसत्या पाणउताऱ्याला आपल्याकडे वेगळा कायदा नाही. हाती उरतो तो कागद आणि साक्षीदार. रोज चार ओळी लिहिताना छातीतलं काहीतरी गाळातून बोटभर वर यायचं, हवा लागायची, आणि वाटायचं, आपण चुकीचे नाही, आपण फक्त एकटे आहोत.

लेखी तक्रार द्यायच्या आदल्या दिवशी मोबाइलमध्ये बघणाऱ्या त्या आठांमधला एकजण जागेवर आला. बराच वेळ उभा राहिला. मग वही ओढून त्यानं मंगळवारच्या नोंदीखाली लिहिलं, ‘मी तिथं होतो,’ आणि सही केली.

बाहेर भरती लागली होती. मी डबा उघडला.

मेथीचा वास आला.