एमाची खिडकी

जवळजवळच्या ओळींत तोच शब्द दोनदा आला तरी गुस्ताव्ह फ्लोबेर बेचैन व्हायचा. रुआँजवळच्या सेनकाठच्या घरात १८५१ ते १८५६ या काळात तो ‘मादाम बोव्हारी’ लिहीत होता. वाक्य खड्या आवाजात म्हणून बघायचं, कानाला खटकलं की खोडायचं, हा त्याचा शिरस्ता. तरीही या कादंबरीत ‘फनेत्र’, म्हणजे साधी खिडकी, पुन्हा पुन्हा येत राहते. ती त्यानं राहू दिली, याचं मला फार मोल वाटतं.

कादंबरीची नायिका एमा हिचं लग्नच खिडकीतून ठरतं. मुलीचा होकार मिळाला तर खिडकीची झडप भिंतीवर आदळेल, असं तिचे वडील तिला मागणी घालणाऱ्या शार्लला सांगून जातात. तो घड्याळ बघत उभा राहतो, झडप आदळते. पुढे सरदाराघरच्या नाचात उकाडा असह्य होऊन नोकर काचा फोडतो, तेव्हा बाहेर बागेत खेडुतांचे चेहरे काचेला चिकटलेले दिसतात आणि एमाला माहेरचं शेत आठवतं. काचेच्या आत तिची हौस, बाहेर तिचं बालपण.

पण सर्वांत थोर खिडकी शेतकी प्रदर्शनातली. नगरभवनाच्या माडीवर, रिकाम्या सभागृहात, तिचा होऊ घातलेला प्रियकर रोदोल्फ तिच्याशी गोड बोलतोय. खाली शेणखताची बक्षिसं पुकारली जाताहेत. वर दोघांची बोटं गुंफलेली आणि खाली चौपन्न वर्षं एकाच शेतावर राबलेली कातरीन लरू पुढे येते. पंचवीस फ्रँकचं रुप्याचं पदक घ्यायला आलेले तिचे हात फ्लोबेर अगदी जवळून दाखवतो: कोठारांची धूळ, धुण्याचा खार आणि लोकरीचा ओशटपणा यांनी भेगाळलेले, कितीही धुतले तरी मळकट दिसणारे. त्या दोघांच्या प्रेमाबद्दल त्यानं वेगळं भाष्य करायची गरजच उरत नाही.

रोदोल्फ सोडून जातो, तेव्हा त्याचं पत्र हातात घेऊन ती माळ्यावरच्या खिडकीत उभी राहते आणि उडी टाकता टाकता राहते. पुढे दुसरा प्रियकर लेओं याच्याबरोबरच्या बग्गीचे पडदे मात्र ओढलेले असतात. नेमका तोच प्रसंग ‘रव्ह्यू द पारी’ या नियतकालिकानं कादंबरी छापताना गाळला. आणि विष घेतल्यावर, जीव गुदमरत असताना, ती शार्लला खिडकी उघडायला सांगते.

एमाला उथळ, स्वप्नाळू म्हणून मोडीत काढणारे वाचक मला पटत नाहीत. तिला बाहेर पडायचं होतं आणि तिच्या वाट्याला दार आलं नाही. कादंबरी पुन्हा हातात घ्याल तेव्हा तिचे प्रियकर थोडे बाजूला ठेवा आणि या खिडक्यांच्या मागे मागे जा.