मयताची रजा

लुसाकातल्या आम्हा परदेशी कुटुंबांच्या गप्पांत दोन विषय हमखास निघतात: वीज आणि फ्युनरल. विजेवर सगळ्यांचं एकमत असतं. 2024 च्या दुष्काळात करीबा धरणाचं पाणी इतकं खाली गेलं की दिवसातले बहुतेक तास वीज नसायची. मिक्सरवरचं वाटण कधी उरकायचं, मुलांच्या गणवेशाला इस्त्री कधी करायची, फ्रीजमधलं आधी काय संपवायचं, यावर आम्ही तासन्‌तास बोलायचो. फ्युनरलचा विषय मात्र तक्रार घेऊनच येतो. ड्रायव्हर आला नाही, फ्युनरल. माळी आला नाही, फ्युनरल. आणि मग कुणीतरी म्हणतंच, “याची आई गेल्या वर्षी गेली होती ना? मग ही कुठली आई?”

हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, आणि गमतीत नाही. एका छोट्या कारखान्यात हिशेब आणि कामगारांची हजेरी मी पाहते. माणूस आला नाही की मशीन थांबतं आणि त्याचा आकडा महिनाअखेरीस माझ्याच टेबलावर येतो. माझं मत विचारांती झालं होतं. दुःख खरं आहे, पण त्यासाठी भावकी, शेजारी, चर्चची मंडळी, सगळ्यांनी चार-चार दिवस कामधंदा सोडून एका घरात का बसावं? रोजंदारीवरच्या माणसाला हे परवडत नाही. त्याच्या भल्यासाठीच कुणीतरी याला आवर घालायला हवा, असं मला मनापासून वाटायचं.

कायदा माझ्या बाजूने आहे असंही वाटायचं. झांबियाच्या 2019 च्या एम्प्लॉयमेंट कोड कायद्यात जोडीदार, आई-वडील, मूल किंवा अवलंबून असलेली व्यक्ती गेली तर वर्षाला किमान 12 दिवस भरपगारी रजा आहे. भारतात मी ज्या कंपनीत होते तिथे असं काहीच नव्हतं, म्हणून मला ही यादी पुरेशी उदार वाटली. रजेच्या अर्जात ‘मयताशी नातं’ असा रकाना मी स्वतः घातला. यादीतलं नातं असेल तर पगारी रजा, नसेल तर बिनपगारी. त्याच कायद्यात, सहानुभूतीने विचार करावा असं दुसरं सबळ कारण असेल तरीही रजा देता येते, असंही म्हटलं आहे. ते दार आम्ही उघडलं नव्हतं.

पुढे आमच्या पॅकिंग विभागाच्या सुपरवायझरने त्या रकान्यात ‘आई’ असं लिहिलं. त्याची आई तो लहान असतानाच गेल्याचं त्याच्या जुन्या कागदांत होतं. मी विचारलं. तो रागावला नाही. समोर बसला आणि सांगू लागला. आई-वडील दोघेही नव्वदच्या दशकात गेले, एकामागोमाग एक. ती कशाची वर्षं होती हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. आपला मुलगा एड्सने गेल्याचं राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडांनी 1987 मध्ये जाहीर सांगितलं होतं, तरीही कित्येक घरांत त्या आजाराचं नाव उच्चारलं जात नव्हतं. सरकारी दवाखान्यांत औषध मोफत मिळू लागलं ते 2005 मध्ये. तोवर एका पिढीचे आई-बाप निघून गेले होते. याला आणि याच्या भावंडांना वाढवलं ते आईच्या धाकट्या बहिणीने. बाजारात टोमॅटो आणि सुकी कापेंटा मासळी विकून तिने यांच्या शाळेची फी भरली. त्याच्या बेंबा समाजात नातं आईकडून चालतं. आईची बहीण ही आईच, आणि तिची मुलं ही सख्खी भावंडं. ‘माय मरो, पण मावशी जगो’ ऐकत वाढलेल्या मला यातलं काहीच परकं नव्हतं.

माझ्या यादीत मात्र ती बाई कुठेच बसत नव्हती. तिच्यावर तो अवलंबून होता; ती त्याच्यावर अवलंबून असती तर रजा मिळाली असती. पगारी रजा मी दिली, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या वतीने त्याच्या घरी गेले. इथे तशी पद्धत आहे. मालकाकडून कुणीतरी येतं, पिठाची पोती आणि थोडी रक्कम देतं. मी आधी नेहमी ड्रायव्हरबरोबर पाठवून द्यायचे.

लुसाकाच्या कन्यामा वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. सोफा, पलंग, टीव्हीचं टेबल, सगळं बाहेर काढून अंगणात एकावर एक रचलेलं. रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ लावून बायका जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या, कमरेला गुंडाळलेली चितेंगे कापडं, डोक्याला फडकी. नवीन बाई दारातून आत आली की मोठ्याने रडायची, बाकीच्या तिच्यात सूर मिसळायच्या, मग पुन्हा कुजबुज सुरू. पुरुष बाहेर. जून महिना होता. लुसाका समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरहून उंच आहे आणि जूनच्या रात्री चांगल्याच बोचऱ्या असतात. ओंडके पेटवून ते रात्रभर त्याभोवती बसत होते. मागच्या बाजूला चार-पाच बायका मोठाल्या पातेल्यांत लाकडी उलथन्यांनी मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होत्या, कोबी चिरत होत्या. त्यातली एकही त्या घरातली नव्हती. घरच्या बाईला चुलीजवळ जाऊ द्यायचं नसतं.

मिरज तालुक्यातल्या माझ्या आजोळी हेच होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, कडू घास शेजारून येतो, आणि गावातला माणूस कामाला गेलेला असला तरी मातीला परत येतो. पुण्यात राहायला गेल्यावर वैकुंठ स्मशानभूमीत दोन तासांत आटोपून लोक ऑफिसला जाताना पाहिले, आणि मला तेच शहाणपणाचं वाटू लागलं. लुसाकात आले ती मी आजोळची नव्हे, पुण्याची होते.

दाराशी एक वयस्क गृहस्थ खुर्चीत बसले होते, मांडीवर शाळेची वही. माझ्याकडचे पैसे मोजून त्यांनी कारखान्याचं नाव लिहिलं आणि वही वळवून मला दाखवली, बरोबर आहे ना म्हणून. हिशेबाची सवय, मी पान वाचू लागले. वीस क्वाचा, पन्नास क्वाचा, कुणाचे मोबाइल मनीवरून आलेले, कुणाची कोळशाची अर्धी गोण, कुणाचं दोन लिटर तेल. आमच्या लोडिंगच्या पोरांची नावं होती, त्यातल्या दोघांनी त्याच आठवड्यात माझ्याकडून उचल नेली होती. गृहस्थ म्हणाले, शवपेटी, ट्रक आणि कबरीचे पैसे भागवून काय उरलं ते शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. आपल्याकडे आहेराची वही जपून ठेवतात आणि आहेर देणाऱ्यांच्या घरी कार्य निघालं की उघडून पाहतात, तशीच ही वहीही घरात राहते.

मी ज्याला उधळपट्टी म्हणत होते ती या माणसांची ठेव आहे. पेन्शन आणि विमा पगारी नोकरांपर्यंत पोहोचतात. इथली बहुतेक माणसं बाजारात, बांधकामावर, रस्त्याच्या कडेला पोट भरतात. त्यांच्यामागे कोण उभं राहणार, तर हे अंगणातले लोक. आणि अंगणात नाव लागायचं तर नुसते पैसे पाठवून भागत नाही, तिथे बसावं लागतं. रजा कापून मी कारखान्याचे दिवस वाचवत होते, आणि माणसाला मात्र त्याच्या एकमेव विम्याचा हप्ता चुकवायला लावत होते.

दफनाला लेपर्ड्स हिलच्या दफनभूमीत गेले. उघड्या ट्रकमध्ये उभ्या असलेल्या बायका वाटभर गात होत्या. पुरुषांनी पाळीपाळीने फावडी घेऊन खड्डा भरला. मग एक जण मोठ्याने गट पुकारू लागला: मुलं या, नातवंडं या, चर्चच्या बायका या, बाजारातल्या या. पुकारलेल्यांनी ओल्या मातीत फुलं रोवायची. “मुलाच्या कामावरचे,” तो म्हणाला, आणि सगळे थांबले. आम्ही सहाजण पुढे गेलो. आम्ही नसतो तर त्याने क्षणभर थांबून पुढचं नाव घेतलं असतं, आणि त्या सुपरवायझरने ते आयुष्यभर लक्षात ठेवलं असतं.

सगळंच मला पटलं आहे असं नाही. नवऱ्याचं मयत झालं की त्याच्या नात्यातले येऊन विधवेच्या घरातलं सामान उचलून नेतात, हे इथे घडत आलं आहे. त्याविरुद्ध 1989 मध्ये वारसा कायदा झाला. मृत्युपत्र नसेल तर मुलांना निम्मा आणि जोडीदाराला 20 टक्के वाटा त्याने दिला. तरीही आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या आंटींची शिलाई मशीन त्यांच्या दिरानेच नेली. मयताच्या अंगणात बसून. त्यांच्याबरोबर कायदेविषयक मदत देणाऱ्या कार्यालयात मी दोनदा जाऊन आले, पुन्हा जाणार आहे.

घरी यावरून वाद होतात. नवऱ्याचं म्हणणं, मुलीला एवढ्या लहान वयात मयताच्या घरी नेऊ नये. मला वाटतं तिने यावं. आंटींच्या हातची भोपळ्याची पानं, शेंगदाण्याचा कूट घातलेली, ती रोज आवडीने खाते. त्यांच्या घरी रडायला कोण आलं होतं हेही तिला माहीत असावं. परवा आंटींचे मामा गेले तेव्हा मी तिला घेऊन गेले. ती बायकांमध्ये जमिनीवर बसली, थोड्या वेळाने मागे जाऊन कोबी चिरू लागली.

कारखान्यात ‘मयताशी नातं’ हा रकाना मी अर्जातून काढला आहे. कोण गेलं ते कामगाराने लिहायचं, पुरावा मागायचा नाही, आणि दफनाच्या दिवशी कारखान्याचा ट्रक द्यायचा, असा मसुदा मालकांकडे दिला. ते म्हणाले, लोक गैरफायदा घेतील. एखाददुसरा घेईलही, मी म्हटलं, आणि कोण तो घेतोय हे आपल्याआधी त्याच्या अंगणातल्यांना कळेल. ट्रकला त्यांनी होकार दिला आहे. कायद्याच्या यादीबाहेरच्या मयतांसाठीच्या पगारी दिवसांवर अजून बोलणी चालू आहेत; मी तीनवर तयार नाही, पाच मागते आहे.