झिरा

जैसलमेरजवळ, समच्या वाळूच्या टेकडीवर चढलो आणि आधी काय केलं असेल, तर खाली बसून मूठभर वाळू उचलली आणि आवळली. हाताची सवय. भोसरीतल्या एका फाउंड्रीत, मोल्डिंग शॉपला मी चौतीस वर्षं काढली. शिफ्ट लागली की पहिलं काम हेच. पट्ट्यावरून येणाऱ्या वाळूतली मूठभर घ्यायची, घट्ट आवळायची आणि मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, तळहाताला वाळू चिकटता कामा नये, आणि तो मुटका दोन्ही टोकांना धरून मोडला की कड न ढासळता बिस्किटासारखा तुटला पाहिजे. लॅबच्या रिपोर्टला वेळ लागतो. मूठ लगेच सांगते.

त्या वाळूत पाणी हवं शंभराला तीन-साडेतीन. कमी पडलं तर साचा ढासळतो. जास्त झालं तर चौदाशे अंशांचं लोखंड आत शिरताच पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही आणि कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. तिला ब्लो होल म्हणतात. ती मशिनिंगला गेल्यावर उघडी पडते आणि माल परत येतो. एवढ्याशा पाण्यापायी माझ्या कितीतरी रात्री जागून गेल्या आहेत.

समची वाळू मुठीत राहिली नाही. रव्याहून बारीक, कोरडी ठणठणीत. बोटांच्या फटींतून गळून गेली आणि तळहातावर कणसुद्धा उरला नाही. आमच्याकडे वाळू सिंधुदुर्गातून, कासार्ड्याहून यायची, तिला चिकटवणारी बेंटोनाइटची माती कच्छची. कोळशाची पूड मिसळली की सगळं काळंभोर. वाळूला स्वतःचा रंग असतो, हे मी विसरूनच गेलो होतो. इथे ती मावळतीच्या उन्हात पिकल्या बाजरीच्या शेतासारखी दिसत होती, आणि शेत वाऱ्यावर हलावं तशी टेकडीच्या माथ्यावरून धुरासारखी हलतही होती.

लेकीने आणि जावयाने हा बेत ठरवला होता. आम्ही दोघं नवरा-बायको आमच्या कुरुळी गावाच्या बाहेर पडलो ते पंढरपूर, तुळजापूर आणि एकदा काशी, एवढंच. तिने जैसलमेरच्या पुढे चाळीसेक किलोमीटरवर, वाळूच्या टेकड्यांत तंबू बुक केला आणि आम्हाला जोधपूरच्या गाडीत बसवून दिलं. पोकरण मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्या लागल्या. हिने पाती मोजली. मी मधल्या हबकडे बघत होतो. तो ओतीव लोखंडाचा असतो, आणि एवढा मोठा हबसुद्धा वाळूच्याच साच्यात ओततात.

तंबू म्हणजे आमच्या जुन्या घराच्या सोप्याहून मोठा. आत गालिचा, नक्षीचा पलंग, कापसाची जाड रजई, पितळी कंदिलात विजेचा दिवा. मागच्या बाजूला न्हाणीघर, त्यात गिझर आणि छताएवढ्या उंचीवर ताटाएवढा शॉवर. दारात कपाळाला टिळा लावून ढोल वाजवून घेतलं. हिला ते फार आवडलं. मला तो शॉवर बघून कसंसंच झालं. जैसलमेरला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्याही आत. आमच्याकडे एखाद्या आषाढात चार-सहा दिवसांत तेवढा पडून जातो. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागे टँकर येऊन उभा राहिला तेव्हा शॉवरचं पाणी कुठून येतं ते कळलं.

रात्री शेकोटीभोवती गाणं झालं. मांगणियार मंडळी होती. एकाच्या हातात कमायचा, एकाच्या हातात खरताल. मला त्यातलं शास्त्र कळत नाही, पण लाकडाच्या चार पट्ट्या दोन हातांत धरून तो पोरगा जे वाजवत होता, ते ऐकताना मला आळंदीच्या वाटेवरचे टाळ ऐकू यायला लागले. जेवणात बाजरीची जाड भाकरी आली. तिथे तिला सोगरा म्हणतात. हिने तुकडा मोडला, तोंडात घातला आणि म्हणाली, "अहो, ही तर आईच्या हातची." सोबत केर-सांगरीची भाजी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो, तिथे लोक ती जेवतात. पाऊस हुलकावणी देतो त्या साली तिच्या शेंगांवर माणसं निघतात आणि तिच्या पाल्यावर शेळ्या-उंट निघतात. झाडाला देव मानण्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

दिवे मालवल्यावर जी शांतता आली, ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. कुरुळीला रात्र अशी राहिलीच नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर कंटेनरची रांग पहाटेपर्यंत चालू असते, निघोज्याच्या बाजूने शिफ्टच्या बसगाड्या येतात-जातात, आणि सगळं थांबलंच तर कुठल्या तरी शेडमधला प्रेस जमिनीतून धप् धप् करत राहतो. इथे वारासुद्धा पडला होता. डिसेंबरचा गारठा होता. मी कानटोपी घालून बाहेर आलो आणि टेकडीच्या पायथ्याशी उभा राहिलो.

चांदण्यात टेकडीची एक बाजू लांब, सावकाश चढत गेलेली होती. दुसरी एकदम उभी. वाऱ्याकडची बाजू लांब आणि आडोशाची उभी, हे मला नंतर समजलं. पण त्या उभ्या बाजूचा कोन मी बघताक्षणी ओळखला. आमच्या सँड प्लँटमध्ये हॉपरमधून कोरडी वाळू खाली पडते, तिचा ढीग ठरावीक उतारावर थांबतो. त्यावर आणखी टाकली तर घसरते आणि पुन्हा त्याच उताराला येऊन थांबते. तेहतीस-चौतीस अंश. राल्फ बॅग्नॉल्ड नावाच्या ब्रिटिश सैन्यातल्या इंजिनिअरने वाळवंटं पालथी घालून १९४१ मध्ये या वाळूच्या चालीवर ग्रंथ लिहिला. कण उडतो, पडतो, पडताना दुसऱ्याला उडवतो, आणि टेकडी पुढे सरकते. कारखान्यात चाळण्यांवर चाळण्या रचून आम्ही जे करायचो, ते इथे वारा करतो. जड कण मागे ठेवतो, धूळ दूर नेतो, आणि मधली, एकसारख्या दाण्याची वाळू टेकडीला देतो. घासून घासून दाणा इतका गोल आणि गुळगुळीत होतो, की काँक्रीटमध्ये तो दुसऱ्या दाण्याला धरत नाही. एवढी वाळू असून बांधकामाला नालायक. ही टेकडी अजून कुणी भरून नेलेली नाही ती त्यामुळेच, असं मला तिथे उभं असताना वाटलं आणि अजूनही वाटतं.

सकाळी उंटवाला आला. रामगढकडचा माणूस, माझ्याच वयाचा. हिला उंटावर बसवून तो दोर धरून पुढे चालला, मी बरोबर पायी. मी त्याला विचारलं, टँकर यायच्या आधी तुम्ही पाणी कुठलं प्यायचात? तो म्हणाला, "ह्यातलंच," आणि पायाने वाळू दाखवली.

मग त्याने सांगितलं ते असं. पावसाचं पाणी वर दिसतं ते पालर पाणी. पार खोल विहिरीतलं ते पाताल पाणी, आणि तिकडे ते बहुतेक ठिकाणी खारट. पण वाळूखाली काही ठिकाणी खडियाचा, म्हणजे जिप्समचा थर पसरलेला असतो. पाऊस पडला की पाणी वाळूत मुरतं, त्या थरावर येऊन अडकतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ते मधलं, ओल होऊन राहिलेलं पाणी म्हणजे रेजाणी. त्यासाठी बेरी खणायची. बिकानेर-चुरूकडे तिलाच कुंई म्हणतात. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम बसेल इतकं. खोली मात्र विहिरीची. वाळू ढासळू नये म्हणून आतून खींप नावाच्या झुडपाचा दोर वेटोळ्यावर वेटोळं घालत नेतात. खाली खणणारा गुदमरायला लागतो, तेव्हा वरची माणसं मुठी-मुठीने वाळू जोरात खाली टाकतात. तिच्याबरोबर ताजी हवा तळाशी जाते. दिवसाला दोन-तीन घागरी पाणी झिरपून जमतं. गोड पाणी.

अनुपम मिश्र यांनी १९९५ मध्ये 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात हे सगळं मांडून ठेवलं आहे. ते मी परत आल्यावर वाचलं. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मी पुस्तक मिटून बसलो. काळी-चिकण माती सुकली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून आतली ओल उडून जाते. वाळूचे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून वाळूला भेगा पडत नाहीत, म्हणून तिच्या पोटातली ओल तिच्या पोटातच राहते. चौतीस वर्षं मी वाळूत बेंटोनाइटची माती घालून तिला चिकटायला लावत होतो. ती न चिकटण्यातच तिचं पाणी आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

उंटवाल्याने दोन टेकड्यांमधल्या सखल जागी उंट बसवला. गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी वाळू उकरू लागला. वरची कोरडी वाळू पुन्हा पुन्हा खळग्यात घसरत होती, तो पुन्हा पुन्हा काढत होता. हात कोपरापर्यंत खाली गेला तेव्हा वाळूचा रंग बदलला. काळपट, ओल्या गुळासारखा. त्याने एक मूठ काढून माझ्या हातावर ठेवली. थंडगार. मी आवळली आणि मूठ उघडली. माझ्या चारही बोटांचे ठसे तिच्यावर उमटले होते.

आषाढ-श्रावणातला पाऊस, डिसेंबरात, त्या वैराण जागी. शंभराला किती असेल? दोन? अडीच? मला बोलता येईना. हिने वरून विचारलं, "काय झालं हो?" मी मुटका तिच्यासमोर धरला. ती लगेच म्हणाली, "झिरा."

१९७२ साली मी आठ वर्षांचा होतो. गावातल्या विहिरींनी तळ दाखवला, तेव्हा आजी मला घेऊन मोई-चिंबळीच्या अंगाने इंद्रायणीवर जायची. पात्रात उरलेली डबकी गुरांसाठी. आपण प्यायचं ते वाळूतलं. काठापासून चार पावलांवर आजी बसायची आणि हाताने झिरा पाडायची. आधी कोरडी वाळू, मग ओली, मग कडेने पाणी डोकावायचं. पहिलं गढूळ पाणी करवंटीने उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं. मग हात आखडून गप्प बसायचं. ती शांत बसलेली आजी मला आजही दिसते. थोड्या वेळाने खळग्यात असं पाणी यायचं, की तळाचा प्रत्येक दाणा वेगळा मोजावा. वाटी वाटीने घागर भरायची. घाई केली तर आजी हातावर फटका द्यायची. निघताना ती झिऱ्यावर बाभळीची फांदी टाकायची, गुरांनी पाय घालू नये म्हणून. तो झिरा गावात कुणाच्या मालकीचा नव्हता, पण मोडला कुणी नाही.

मग वाळू लागायला लागली. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. आमच्या शिवारातून रस्ते गेले, शेड आल्या, कामगारांसाठी खोल्यांच्या चाळी उठल्या. त्यातून घराघरात पगार आला. माझी लेक इंजिनिअर झाली ती त्यावरच. कारखाने नको होते असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक भिंतीला, प्रत्येक स्लॅबला नदी लागली. पात्रात ट्रॅक्टर उतरले, मग डंपर उतरले. १९९६ मध्ये मी स्वतः घर बांधलं, त्याला बारा ब्रास वाळू लागली. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे बाराशे घनफूट नदी माझ्या भिंतींत आहे. कुठल्या काठावरून भरली ते मला ठाऊक होतं. आजी जिथे बसायची, तिथून फार लांब नव्हतं. तेव्हा माझ्या मनात काहीसुद्धा आलं नाही, याचं मला आज दुःख आहे.

आता कार्तिकीला आळंदीत नदीवर पांढरा फेस तरंगतो आणि वारकरी त्यातच बुडी मारतात. तो फेस वाळू गेल्यामुळे आलेला नाही. तो सांडपाण्याचा आहे, कारखान्यांच्या आणि आपल्या घरांच्या. पण पूर्वी नदीवर संकट आलं तर माणसाला तिच्याच वाळूत चार पावलांवर आसरा होता. तो आपण भरून नेला.

समला आमची अजून एक रात्र होती. मी शॉवर सोडला नाही. न्हाणीघरातली बादली अर्धी भरली आणि तांब्याने अंघोळ केली. हिने न सांगता तसंच केलं. निघताना उंटवाल्याने प्लास्टिकच्या पिशवीत वाळू बांधून आठवण म्हणून पुढे केली. मी नमस्कार केला आणि ती पिशवी तिथेच टेकडीवर मोकळी करायला सांगितली.

परवा चिंबळीच्या पुलाखाली जाऊन आलो. काठाला बसून उकरून पाहिलं. काळा गाळ लागला, त्याखाली खडक. गावात घर बांधायला काढलेल्या प्रत्येकाला मी सध्या एकच विनंती करतो आहे, आणि तुम्हालाही तीच करतो. वाळूवाल्याने रात्रीचा नदीचा माल आणून देतो म्हटलं, तर नाही म्हणा. दगड भरडून केलेली क्रश सँड घ्या. तिच्यासाठी मोशीची खाण खोल होते, हेही मला दिसतं. पण खाणीत कुणाची आजी झिरा पाडत नव्हती. माझ्या घराचा वरचा मजला क्रश सँडमध्येच बांधला आहे. तीन पावसाळे झाले, अजून कुठे तडा गेलेला नाही.