संबळ आणि आठ रबरी चौकोन

परभणीत लग्नाची वरात निघते, तेव्हा जनरेटरच्या गाडीवरून ऐकू येणारा संबळ बहुधा संबळ नसतो. तो ऑक्टोपॅड असतो.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ मध्ये हे यंत्र आणले, तेव्हा त्याला आठ रबरी चौकोन होते आणि स्वतःचा आवाज एकही नव्हता. काडीचा आघात विजेच्या संकेतात बदलून दुसऱ्या यंत्राकडे धाडणे, एवढेच त्याचे काम. पुढे आवाज आतच साठवले जाऊ लागले आणि ढोलकी, हलगी, संबळ ही सारी बिरादरी बटणाखाली आली.

शेजारचा बँजोही जपानीच वंशाचा. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये नागोया येथे घडवलेल्या ताइशोगोतोचा तो भारतीय अवतार, म्हणजे बुलबुलतरंग. अमेरिकी बँजोशी त्याचे नाते नावापुरते. टाइपरायटरसारख्या कळा, पोलादी तारा, वर विजेची जोड. कोळीगीत, भीमगीत, देवीचे गाणे, सगळे त्यात बसते. शहरी रंगमंचावर ज्याला ‘फ्यूजन’ म्हणून तिकीट लावतात, ते बँजो पार्ट्यांनी कसलाही जाहीरनामा न काढता केले. त्यांना त्याचे श्रेय क्वचितच मिळाले.

परंतु परभणीपुरता हिशेब इथे संपत नाही. एका अंगाला माहूरची रेणुका, दुसऱ्या अंगाला तुळजापूरची भवानी. रेणुराई आणि कदमराई गोंधळ्यांचा हा मुलूख. गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम परभणीचेच. त्यांच्या परंपरेत संबळ केवळ ताल धरत नाही. चौक भरला, घट मांडला, दिवटी पेटली, की गावोगावच्या देवतांना आवाहन होते. मग नाईक आख्यान लावतो. तो थबकला की संबळ थबकतो, त्याने प्रश्न टाकला की संबळ उत्तराची वाट पाहतो. साठवलेला आवाज प्रत्येक आघाताला तोच उमटतो. त्याला कथा ऐकू येत नाही.

आणि कथा तरी कशी! जांभूळ आख्यानात देठापासून तुटलेले फळ पुन्हा झाडाला लावायचे, तर प्रत्येकाने मनातले खरे बोलायचे असते. द्रौपदीला कर्णाविषयीची अभिलाषा कबूल करावी लागते. व्यासांनी न लिहिलेली ही गोष्ट गोंधळ्यांनी जपली. शाहीर विठ्ठल उमपांनी ती नागर रंगभूमीवर गाजवली.

वरातीतून संबळ हटला, तरी देवीपुढच्या चौकाजवळ ऑक्टोपॅड अजून कोणी मांडत नाही. यंत्राने तिथली जागा घेतलेली नाही; घेतली आहे ती घड्याळाने. रात्रभर चालणारा गोंधळ आता अनेक घरी तासा-दोन तासांत उरकतो. आवाहन राहते, आरती राहते. कात्री लागते ती आख्यानाला.