मालवणच्या समुद्रातील हवेचे जाकीट

कारकुनी करणारा माणूस समुद्राच्या तळाशी जाणार, हे ऐकून कचेरीतील मित्र हसले. आम्हाला तर पोहताही येत नाही! परंतु आमचा भाचा मालवणला पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचे काम करतो. "मामा, एकदा या तरी," हा त्याचा दोन वर्षांचा आग्रह. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत सौ. व मुलीसह आम्ही एस.टी.ने मालवण गाठले.

समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले. सन १९८७ मध्ये इथला समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहे, तेच पाहायला लोक पाण्यात उतरतात.

भाच्याने आधी आम्हाला पोहण्याच्या तलावात उतरवले. पाठीवर हवेचे सिलिंडर, कमरेला शिशाची वजने आणि अंगात जाड जाकीट. होडीत देतात तसेच हे जाकीट असेल, असे आम्ही समजलो. भाचा म्हणाला, "नाही मामा. हे तरंगवते तसे खालीही नेते."

या जाकिटात हवेची पिशवी असते. डाव्या खांद्यावरून येणाऱ्या नळीला दोन बटणे. एक दाबले की सिलिंडरमधील हवा पिशवीत शिरते व माणूस वर येतो. नळी उंच धरून दुसरे दाबले की हवा निघते व माणूस खाली जातो. दोहोंचा मेळ बसला की पाण्यात अधांतरी राहता येते.

आम्ही घाबरून पहिलेच बटण दाबून धरले आणि बुचासारखे वर उसळलो. काठावर मुलगी हसली, भाचा मात्र गंभीर झाला. खोल पाण्यात हीच चूक जिवावर बेतते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथून वर येताना जाकिटातील हवा फुगत दुप्पट होते व माणूस वेगाने वर फेकला जातो. श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसेही फाटू शकतात. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही आणि वर येताना जाकिटातील हवा थोडी थोडी सोडायची.

दुसऱ्या दिवशी समुद्रात बटणे भाच्याच्याच हाती होती. नवख्याकडे ती देत नाहीत. कानात दडे बसले तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारली आणि कान मोकळे झाले. काळ्या पट्ट्यांचे मासे तोंडासमोरून गेले. भाच्याचा हात आमच्या जाकिटावर घट्ट होता. याच पोराला आम्ही बोट धरून शाळेत नेले होते. आज त्याच्या हाती आमचा जीव होता आणि भीती कुठच्या कुठे गेली होती.

वाचकांनी जरूर जावे, पावसाळा मात्र टाळावा. दमा, हृदयविकार वा कानाचे दुखणे लपवू नये. शिकवणारा प्रशिक्षित आहे ना, हे विचारावे. प्रवाळाला हात लावू नये. आणि आपल्या मुलामुलींना पोहायला अवश्य शिकवावे. आमचे ते राहून गेले, मुलीचे राहू देणार नाही.