धुळ्याचा मुक्काम

लॉजच्या नोंदवहीत ‘येण्याचे कारण’ असा रकाना असतो. धुळ्यात आम्ही तेथे ‘जुनी कागदपत्रे’ असे लिहिले, तेव्हा व्यवस्थापकांनी विचारले, “कोर्टाचं काम का?” राजवाडे संशोधन मंडळ, आम्ही म्हणालो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस याच गावी वारले. लगेच पुढच्या वर्षी मंडळ उभे राहिले.

रात्री खाटेवर पडल्या पडल्या वाटले, मराठी वाङ्मयाला या गावातला सर्वांत फलदायी ठरलेला मुक्काम तुरुंगातलाच. १९३२ साली विनोबा तेथे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. (कारणाचा रकाना त्यांच्याही वाट्याला आला असणारच.) त्यांना निघण्याची घाई नव्हती. आम्हांला मात्र चहापोहे आटोपून बाराला खोली सोडायची होती, आणि दोन दप्तरे अजून पाहायची होती.